मुलाच्या उशाखालची थरारकथा

गेल्या रमजानातली गोष्ट. आमच्या घरी सेहरीला सगळ्यात आधी दादी उठतात. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गेल्या, तर दिवा आधीच लागलेला आणि आमचा धाकटा ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसलेला. दादींनी आम्हाला हाक मारली. आम्ही मनात म्हटलं, झालं, पुन्हा मोबाइल! रात्री मोबाइल कपाटात ठेवायचा हा नियम घरात नुकताच लागू झाला होता आणि त्यावरून आठवडाभर रुसवेफुगवे चालले होते. तावातावाने आत गेलो, तर त्याच्या हातात चक्क पुस्तक. इंग्रजी, वर्गमित्राकडून आणलेलं, कोपरे दुमडून मऊ पडलेलं. वर न बघताच तो म्हणाला, "अम्मी, दोनच पानं राहिलीत."

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी आनंदच झाला. सातवीपर्यंत या मुलाने शाळेच्या पुस्तकाबाहेरचं काही वाचावं म्हणून आम्ही काय काय केलं होतं! वाढदिवसाला गोष्टींची पुस्तकं दिली, वाचनालयाचं कार्ड काढलं. पुस्तकं कपाटात नवी कोरी राहिली. आणि आता हा न सांगता पहाटे उठून वाचत होता. दुसऱ्या क्षणी मात्र आम्ही पुस्तक हातात घेऊन मागचा मजकूर वाचला आणि आनंद ओसरला. खून, हेर, जीवघेणा विषाणू. इबादतीच्या महिन्यात, पहाटेच्या वेळी, मुलाने हे वाचायचं? काढून घ्यावं की राहू द्यावं?

त्या दिवशी आम्ही पुस्तक काढून घेतलं नाही. त्याऐवजी जे केलं आणि त्यातून आमच्याच घरातली जी गोष्ट आम्हाला कळली, ती इतर पालकांनाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

कोण हा ॲलेक्स रायडर?

पुस्तकाचं नाव 'स्टॉर्मब्रेकर'. लेखक अँथनी होरोविट्झ. ॲलेक्स रायडर या चौदा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या कथामालेतली ही पहिली कादंबरी, २००० साली आली. २००१ मध्ये 'पॉइंट ब्लँक', मग 'स्केलेटन की', 'ईगल स्ट्राइक', 'स्कॉर्पिया' अशी दरवर्षी एक पुस्तक येत गेली आणि २०२३ पर्यंत ही मालिका चालूच राहिली. पहिल्या पुस्तकावर २००६ मध्ये चित्रपट निघाला आणि २०२० पासून मालिकाही आली. आमच्या मुलाच्या वर्गात निम्म्या मुलांना हे नाव माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला.

ॲलेक्स लंडनमध्ये राहतो. आईवडील तो लहान असतानाच गेलेले. काका इयन रायडर यांनी त्याला वाढवलं. घर सांभाळायला जॅक स्टारब्राइट नावाची अमेरिकन तरुणी. एके दिवशी पहाटे तीन वाजता दाराची घंटा वाजते आणि पोलीस सांगतात, की काका मोटार अपघातात गेले. त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता. ॲलेक्सच्या मनात तिथेच पाल चुकचुकते. कारण सीटबेल्ट लावल्याशिवाय काका गाडी सुरूच करत नसत. तो माग काढत भंगार गाड्यांच्या आवारात पोहोचतो, काकांची गाडी शोधून काढतो आणि गाडीवर त्याला बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. बँकेत नोकरी करतो असं सांगणारे काका खरं तर ब्रिटनच्या एमआय ६ या गुप्तहेर खात्याचे हेर होते. आता खात्याचे प्रमुख ॲलन ब्लंट त्यांचं अर्धवट राहिलेलं काम या पोरक्या मुलाच्या गळ्यात मारतात. तो सहजासहजी तयार होत नाही. तेव्हा त्याला सांगितलं जातं, की ऐकलं नाहीस तर तुझी रवानगी अनाथांच्या संस्थेत होईल आणि जॅकला देश सोडावा लागेल.

लेखकाबद्दलही थोडं सांगायला हवं. होरोविट्झ यांचा जन्म १९५५ चा. पैसेवाल्या घरात वाढले, पण आठव्या वर्षी त्यांना निवासी शाळेत पाठवलं गेलं आणि तिथले दिवस फार वाईट गेले, असं त्यांनी वेळोवेळी सांगितलं आहे. रात्री झोपण्याच्या खोलीत इतर मुलांना गोष्टी सांगणं हाच त्यांचा आसरा होता. पुढे ते दूरचित्रवाणीसाठी लिहू लागले. शेरलॉक होम्स आणि जेम्स बाँड या प्रसिद्ध नायकांच्या नव्या कादंबऱ्या लिहिण्याचं काम मूळ लेखकांच्या वारसांनी त्यांच्याकडे सोपवलं. थोडक्यात, माणूस आपल्या धंद्यात पक्का आहे. शाळेतल्या एकट्या मुलाला काय वाटतं, हेही त्यांना स्वतःच्या अनुभवातून ठाऊक आहे, आणि ते त्यांच्या पानापानांतून जाणवतं.

आम्ही वाचायला बसलो

आम्ही दोघंही मराठी माध्यमात शिकलो. कार्यालयातलं पत्र वाचण्याइतकं इंग्रजी येतं. कादंबरीची सवय नाही. तरी ठरवलं, की मुलगा जे वाचतो ते आधी आपण वाचायचं आणि मगच बोलायचं. न वाचता 'हे चांगलं नाही' म्हणणारे मोठे लोक आम्हीही लहानपणी पाहिले होते. त्यांचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

तरावीहनंतर अर्धा तास ठरला. अडलेला शब्द मुलाला विचारायचा. आजवर त्याचा अभ्यास आम्ही घेत होतो. आता तो आम्हाला शब्द सांगू लागला, आणि त्याची मान थोडी ताठ झाली. शेजारी बसून दादी तसबीह ओढत. मधूनच म्हणत, "पुढं काय झालं, ते सांग की." मग तो दादींसाठी सगळं घरच्या बोलीत सांगायचा. इंग्रजी गोष्ट, आमची बोली आणि मधे मधे मराठी, असा तो अर्धा तास.

चार-पाच दिवसांत आमच्या लक्षात आलं, की ही पुस्तकं हातातून सुटत का नाहीत. प्रकरणं छोटी. वर्णन दोन-तीन ओळींचं. प्रत्येक प्रकरण नेमकं संकटाच्या तोंडावर संपतं, म्हणजे पुढचं उघडल्यावाचून झोप येत नाही. नायकाकडे हत्यारं नाहीत, खेळणी आहेत. खात्यातले स्मिदर्स नावाचे गमत्ये गृहस्थ त्याला मजबूत दोरा असलेला यो-यो देतात, मुरुमांच्या मलमाच्या नळीत धातू खाणारं रसायन भरून देतात, हातातल्या व्हिडिओ गेममध्ये हेरगिरीची यंत्रं लपवून देतात. बंदूक मात्र देत नाहीत. वय लहान म्हणून खात्याची मनाई. 'पॉइंट ब्लँक'मध्ये तर हा मुलगा इस्त्रीच्या फळीवर उभा राहून बर्फाच्या डोंगरावरून घसरत सुटका करून घेतो. ते वाचून धाकट्याने घरातल्या इस्त्रीच्या टेबलाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून आम्ही ते टेबल दोन दिवस माळ्यावर ठेवलं होतं!

प्रकरणाच्या शेवटी गळ टाकलेला असल्याने आम्हाला एक साधी युक्ती सुचली. 'हे प्रकरण संपलं की झोप' असं सांगून उपयोग नसतो, कारण प्रकरण संपतं तिथेच खरी ओढ लागते. म्हणून थांबायचं ते प्रकरणाच्या मध्यावर. अजान झाली की पानाच्या मध्यावर खूण घालून उठायचं. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय लागली.

वेगाच्या आत काय आहे?

आमची पहिली भीती होती, की मुलाला मारामारीची गोडी लागेल. इथे काहीही लपवत नाही: या पुस्तकांत माणसं मरतात, खलनायकांचे शेवट भीषण असतात आणि पहिल्याच पुस्तकात शेवटी एकदा नायकाच्या हातात पिस्तूलही येतं. पण वाचता वाचता दुसरी बाजूही दिसली. ॲलेक्सला हेर व्हायचं नाही. त्याला शाळेत जायचंय, फुटबॉल खेळायचाय. प्रत्येक कामगिरीहून परतल्यावर शाळेत खोट्या आजाराची चिठ्ठी द्यावी लागते. मित्र दुरावतात, अभ्यास मागे पडतो. 'स्कॉर्पिया'च्या शेवटी त्याला गोळी लागते आणि पुढचं पुस्तक इस्पितळाच्या खाटेवर सुरू होतं. मोठी माणसं एका मुलाला वापरून घेतात आणि किंमत तो चुकवतो, हे लेखक विसरू देत नाही. "मोठे लोक त्याला विचारतच नाहीत ना?" असं धाकटा एकदा सहज बोलून गेला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हीही त्याला किती गोष्टी विचारून करतो?

दुसरी गोष्ट सीटबेल्टची. वर्दीतला माणूस घरी येऊन सांगतो आणि सगळे मान डोलावतात. मुलगा मात्र म्हणतो, थांबा, हे माझ्या काकांच्या सवयीत बसत नाही. तो आरडाओरडा करत नाही. जाऊन डोळ्यांनी बघतो. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर आधी पारखून घ्यायला सांगितलं आहे, हे आमच्या मुलाने मदरशात पाठ केलं होतं. पण मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी ती शिकवण त्याला कधी आठवली नव्हती. आता आमच्या घरात एक म्हणच पडली आहे. कुणी काही सनसनाटी सांगितलं, की धाकटा विचारतो, "सीटबेल्ट तपासला का?"

कैरोचा खलनायक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिथे येतो.

'स्टॉर्मब्रेकर'चा खलनायक आहे हेरॉड सेल. कैरोच्या गल्लीबोळांत गरिबीत जन्मलेला इजिप्तचा मुलगा. श्रीमंत परदेशी प्रवाशांचा जीव वाचवतो, त्याची परतफेड म्हणून त्याला शिकायला इंग्लंडला पाठवलं जातं. तो मोठा उद्योगपती होतो आणि ब्रिटनमधल्या सगळ्या शाळांना स्वतः बनवलेले संगणक फुकट देण्याची घोषणा करतो. त्या संगणकांत भरलेला असतो देवीच्या रोगाचा विषाणू.

हे पान आलं तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. पुन्हा तेच? चित्रपट असो की कादंबरी, विष कालवणारा माणूस फिरून फिरून अरबच निघायचा? आमच्या मोठ्या मुलीने, ती अकरावीत आहे, रागाने पुस्तक बाजूला ठेवलं. "आपल्याला असंच दाखवतात," ती म्हणाली. तिचं चुकलं असं आम्हाला आजही वाटत नाही. २००६ च्या चित्रपटात याच पात्राला अमेरिकन केलं गेलं. बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवू; पण खलनायक कैरोचाच असायला हवा अशी कथेची काही गरज नव्हती, एवढं तर त्यातून दिसलंच.

धाकटा मात्र गप्प होता. तो पुढे वाचत गेला. सेल एवढा का बिथरला, याचं कारण पुस्तकात आहे. तो इंग्लंडच्या शाळेत आला तेव्हा परका आहे, वेगळा दिसतो म्हणून मुलांनी त्याला छळलं. त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला चिडवलं. त्यात सगळ्यात पुढे असलेला मुलगा मोठेपणी देशाचा पंतप्रधान झाला. सेलला त्या पंतप्रधानावर आणि देशभरच्या शाळकरी मुलांवर सूड घ्यायचा असतो.

त्या रात्री दिवा मालवल्यावर धाकट्याने विचारलं, "अब्बा, त्याला शाळेत कुणी चिडवत असताना दुसऱ्या एखाद्या मुलाने थांबवलं असतं, तर तो असा झाला असता का?"

आम्ही म्हटलं, सांगता येत नाही. चिडवलं गेलेली सगळीच मुलं अशी होत नाहीत. पण थांबवायला मात्र हवं होतं.

बराच वेळ शांतता. मग अंधारातच तो म्हणाला, "क्रिकेटची मॅच असली, की मला वर्गात शेजारच्या देशाच्या नावाने हाक मारतात. तुझी टीम हरली, तुझी टीम जिंकली, असं."

किती दिवसांपासून, असं आम्ही विचारलं. पाचवीपासून, तो म्हणाला. आम्हाला का नाही सांगितलं? "तुम्ही शाळेत आला असता. मग अजून चिडवलं असतं."

वाचकहो, तीन वर्षं. रोज रात्री आमच्यासोबत जेवणाऱ्या मुलाने तीन वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली होती. आम्ही त्याला रोज विचारत होतो, 'शाळेत काय झालं?' आणि तो रोज सांगत होता, 'काही नाही.' आमच्या प्रश्नांना जे जमलं नाही, ते एका इंग्रजी थरारकथेतल्या खलनायकाच्या बालपणाने केलं. दुसऱ्याची गोष्ट बोलता बोलता मुलाला स्वतःची गोष्ट बोलता आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सूरह हुजुरात पुन्हा घेऊन बसलो. त्याच सूरहमध्ये एकमेकांची खिल्ली उडवायला आणि वाईट नावांनी पुकारायला मनाई आहे. आम्ही त्याला सांगितलं, की ही मनाई आपल्यालाही आहे. तुला ज्या नावाने हाक मारतात, त्याच्या बदल्यात तूही कुणाच्या जातीवरून, रंगावरून, बोलण्यावरून नाव ठेवायचं नाही. त्याने मान खाली घातली. एका अडखळत बोलणाऱ्या मुलाला तोही चिडवत असे, हे त्याने त्यानंतर सांगितलं.

ईदनंतर, त्याला विचारून, आम्ही वर्गशिक्षिकांना भेटलो. कुणाचंही नाव घेतलं नाही. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि सगळ्या वर्गाशी बोलल्या. चिडवणं कमी झालं; पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही. खरी गंमत पुढेच आहे. ज्या मित्राने पुस्तकं दिली होती, तोही त्या हाका मारणाऱ्यांत होता. पुस्तक परत करताना आमच्या मुलाने त्याला एवढंच विचारलं, "सेलला शाळेत काय म्हणायचे, लक्षात आहे?" मित्र काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यातली थालीपिठं पुढे केली आणि मालिकेतलं पुढचं पुस्तक आणून दिलं.

एका पुस्तकावर निकाल नको

मोठीने रागावून पुस्तक ठेवलं होतं, ते तिने भावाच्या आग्रहाखातर पुन्हा उचललं आणि त्याच्या पुढे निघून गेली. मग तिनेच आम्हाला काही गोष्टी दाखवल्या. 'पॉइंट ब्लँक'चा खलनायक डॉक्टर ग्रीफ हा दक्षिण आफ्रिकेतला गोरा वंशवादी. तिथली वर्णभेदाची राजवट गेली याचंच त्याला दुःख. 'ईगल स्ट्राइक'मध्ये समाजसेवेसाठी नावाजलेला इंग्रज पॉप गायक डेमियन क्रे हाच मुख्य गुन्हेगार. अमली पदार्थ नष्ट करायचे हा त्याचा हेतू वरवर चांगला, पण त्यासाठी तो अख्ख्या मुलखांवर अण्वस्त्रं टाकायला निघतो. आणि २००७ च्या 'स्नेकहेड'मध्ये ॲलेक्स स्वतः अफगाण निर्वासित मुलाचं रूप घेतो. माणसांची तस्करी करणाऱ्या टोळीच्या हातून तो ऑस्ट्रेलियाकडे नेला जातो. ज्यांना बातम्यांत चेहरा नसतो, अशा लोकांबरोबर तो बंद कंटेनरमध्ये बसतो. "हे वाचलं आणि माझा निम्मा राग गेला," मोठी म्हणाली. निम्मा राहिला, तो राहू द्यावा असं आम्हाला वाटतं. रागाने पुस्तक फेकणं वेगळं आणि राग जागा ठेवून पुस्तक वाचणं वेगळं.

"आपल्या नावाचा हेर कुठल्याच पुस्तकात नसतो का?" हा धाकट्याचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर दादींच्या ट्रंकेत होतं. आमच्या मरहूम दादाजींनी जपून ठेवलेली इब्ने सफींची उर्दू पुस्तकं. असरार अहमद हे इब्ने सफींचं खरं नाव. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण त्यांची पुस्तकं दोन्ही देशांत छापली आणि वाचली जात राहिली. १९५५ पासून इमरानच्या गोष्टी आल्या. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद, अली इमरान ही नावं आमच्या आधीच्या पिढीत घरोघरी होती. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा 'विनोद' झाला होता, हे ऐकून मुलं खूप हसली आणि मग थोडी विचारातही पडली. नायकाचं नावसुद्धा वाचणारा कोण हे बघून बदलतं तर! आणि न्यायाने बोलायचं, तर इब्ने सफींचे खलनायकही पुष्कळदा परदेशीच असतात. रोमांचकथा लिहिणारा बहुतेकदा खलनायक शेजाऱ्याच्या अंगणातून उचलतो. ही खोड एकट्या इंग्रजांची नव्हे.

आम्ही स्वतः वाढलो ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि सायकलवरून चोरांच्या मागे लागतो. आमच्यापैकी कुणालाच तेव्हा तो परका वाटला नाही. धाकट्याला तो जरा 'साधा' वाटतो, पण सायकल त्याला आवडली. उर्दू मुलांना सफाईने वाचता येत नाही, म्हणून इब्ने सफी दादी वाचून दाखवतात. 'जासूसी दुनिया'तल्या काही कादंबऱ्यांचं शम्सुर्रहमान फारुकींनी केलेलं इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे.

जकातीचा हिशेब

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करायलाच हवा. २००९ चं 'क्रोकोडाइल टिअर्स'. याची सुरुवात चेन्नईजवळच्या एका काल्पनिक अणुवीज केंद्रातल्या घातपाताने होते. खलनायक डेसमंड मॅकेन एक मोठी धर्मादाय संस्था चालवतो. कुठे संकट आलं, की त्याची मदत सगळ्यात आधी पोहोचते. कारण संकट घडवणारा तोच असतो. लोक हळहळून पैसे देतात आणि ते त्याच्या खिशात जातात.

हे वाचून मुलांनी थेट आम्हालाच पकडलं. "आपण जकात कुणाला देतो? तिचं पुढं काय होतं?" प्रामाणिकपणे सांगायचं, तर काही वर्षं आम्ही दारावर पावतीपुस्तक घेऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती रक्कम देऊन मोकळे होत होतो. या वेळी आम्ही चौघं कागद घेऊन बसलो. आधी नात्यातले गरजू, मग गल्लीतली विधवा बाई, मग फी अडलेला एक विद्यार्थी, अशी यादी केली. हिशेब धाकट्याने लिहिला. देणाऱ्याने चौकशी करणं म्हणजे संशय नव्हे, तीही जबाबदारीच आहे, हे आम्ही मुलांना शिकवायच्या ऐवजी मुलांनी आम्हाला आठवण करून दिलं.

पालकांसाठी चार गोष्टी

आमच्या अनुभवावरून इतकंच सांगू. ही मालिका अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी ठीक आहे. 'स्कॉर्पिया' आणि त्यापुढची पुस्तकं अधिक गंभीर आणि काळीकुट्ट होत जातात, ती थोडी थांबून द्यावीत. पुस्तकं क्रमाने वाचावीत, कारण काका, वडील आणि मारेकरी यासेन ग्रेगोरोविच यांचा धागा एका पुस्तकातून दुसऱ्यात जातो. मुलांची पुस्तकं म्हणून मुलींना वगळू नये. आमच्या घरात सगळ्यात वेगाने मोठीनेच वाचली. विकत घेण्याची घाई नको. मित्र, शाळेचं ग्रंथालय, जुन्या पुस्तकांची दुकानं यांवर भागतं. नमाजची वेळ आणि झोपेची वेळ आधीच ठरवावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निदान पहिलं पुस्तक तरी स्वतः वाचावं. इंग्रजी अडलं तर मुलाला विचारावं. वेगवान पुस्तकात मुलाला विचार करायला थांबायची जागा मिळत नाही. ती जागा शेजारी बसलेल्या माणसाने करून द्यायची असते. प्रश्न मोठे नकोत. 'तू असतास तर काय केलं असतंस?' किंवा 'हा माणूस असा का झाला असेल?' एवढे पुरेत. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. आमच्याकडे ते दिवा मालवल्यावर आलं.

आता रमजान पुन्हा जवळ आलाय. धाकटा सातव्या पुस्तकात आहे आणि इशानंतर दादींना रोजचा भाग सांगावाच लागतो. परवा ॲलेक्स तीन दिवस कुठल्याशा बंद खोलीत अडकला होता. दादींनी तसबीह थांबवली आणि काळजीने विचारलं, "उस बच्चे को कोई खाना-वाना देता की नईं?"

धाकट्याने मागची चार पानं चाळून पाहिली. म्हणाला, "दादी, त्याचं लिहिलेलंच नाही."

"मग लिहिणाऱ्याला काय कळतं?" असं म्हणत दादी उठल्या आणि त्याच्यासाठी दूध गरम करायला गेल्या.